खिडकीची सीट

आजचा भाग एका पुस्तकाबद्दल आहे. आधीच सांगते, भाग जरा जड आहे. जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, मग या.

पुस्तकाचं नाव ‘मिरॅकल इन द अँडीज’. लेखक नांदो पारादो, सोबत विन्स रॉज. २००६ साली आलेलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नेटफ्लिक्सवर ‘सोसायटी ऑफ द स्नो’ पाहिला असेल. घटना तीच. १३ ऑक्टोबर १९७२, उरुग्वेच्या हवाई दलाचं एक विमान चिलीला जाताना अँडीज पर्वतात कोसळलं. आत ४५ माणसं. त्यात माँटेव्हिडिओच्या एका रग्बी क्लबची मुलं, त्यांचे मित्र, काहींचे घरचे. ७२ दिवसांनंतर सुटका झाली तेव्हा १६ जण जिवंत होते. पारादो त्यातला एक. तेव्हा २२ वर्षांचा.

हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तेच ना, ज्यांनी माणसं खाल्ली?” हो, तेच. मेलेल्यांची शरीरं खाल्ली, कारण तिथे दुसरं काहीही नव्हतं. गवताचं पातंसुद्धा नाही. त्यांनी आपसात ठरवलं होतं की मी मेलो तर माझंही शरीर वापरा. पुस्तकात हा भाग आहे, पण तो थोडाच आहे. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

त्यासाठी थोडं घरचं सांगावं लागेल. माझे बाबा मे २०२१ मध्ये कोविडने गेले. ते दिवस तुम्हाला आठवत असतीलच. दवाखान्यात असताना बाबांच्या फोनवर रोज मेसेज यायचे. पॉझिटिव्ह राहा, इच्छाशक्ती असली की माणूस काहीही जिंकतो, वगैरे. बाबांची इच्छाशक्ती काय कमी होती? ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ते मला गॅसची टाकी बुक केलीस का विचारायचे! दहाव्याला काका सगळ्यांसमोर म्हणाले, “दादाने हाय खाल्ली, म्हणून गेला.” मी काही बोलले नाही. पण ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच. काकांशी माझं बोलणं त्यानंतर “कसे आहात, बरी आहे” एवढ्यावर आलं.

म्हणून एका मैत्रिणीने हे पुस्तक सुचवलं तेव्हा मी टाळत होते. संकटातून वाचलेल्या माणसाचं आत्मकथन म्हणजे पुन्हा तेच असणार : जिद्द होती म्हणून वाचलो. आणि ज्यांना जिद्द नव्हती ते? ते मेले, असंच ना?

शेवटी लोकलमध्ये, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी वाचलं. आणि सुरुवातीलाच एका साध्या गोष्टीपाशी थांबले.

विमानात पारादो खिडकीपाशी बसला होता. शेजारी त्याचा जिवलग मित्र पांचितो. पांचितोला बाहेर बघायचं होतं. आपण एसटीत करतो तशी दोघांनी जागेची अदलाबदल केली. विमान डोंगराला घासलं, मागचा भाग तुटून गेला. पारादोच्या कवटीला फ्रॅक्चर. पांचितो दुसऱ्या दिवसापर्यंतही राहिला नाही. यात इच्छाशक्ती कुठे आली, सांगा.

पुढे ऐका. पारादो तीन दिवस बेशुद्ध होता. तो जगणार नाही असं वाटून मुलांनी त्याला विमानाच्या तुटलेल्या, उघड्या बाजूला ठेवलं होतं, जिथे सगळ्यात जास्त थंडी. त्या थंडीनेच मेंदूची सूज आटोक्यात राहिली असावी. म्हणजे ज्या जागेवर मरायला ठेवलं, तिनेच बहुधा त्याला वाचवलं.

तो शुद्धीवर आला तेव्हा कळलं, आई गेली. आई आणि बहीण सुसी दोघीही त्याच्यासोबत विमानात होत्या. सुसी जिवंत होती, पण खूप जखमी. तो तिला कुशीत घेऊन पडून राहायचा, ऊब द्यायला. आठव्या दिवशी तीही गेली. आणि तो रडला नाही. त्याच्या डोक्यात विचार आला की अश्रूंतून मीठ जातं आणि मीठ लागणार आहे. हे वाचलं तेव्हा ट्रेन कुर्ल्याला थांबलेली होती. मला दादरला उतरायचं होतं. दादर कधी गेलं, कळलंच नाही.

हे सगळं साडेतीन हजार मीटरवर चाललेलं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. आणि मुलं शहरातली, अंगावर ब्लेझर, पायात साधे बूट. बहुतेकांनी बर्फ कधी पाहिलाही नव्हता. पारादोने चॉकलेट लावलेला एक शेंगदाणा तीन दिवस पुरवला. पहिल्या दिवशी वरचं चॉकलेट चोखलं, मग अर्धा दाणा, मग उरलेला अर्धा. फितो नावाच्या मुलाने सीटमधल्या पत्र्यावर उन्हात बर्फ वितळवून पाणी करायची युक्ती काढली. विमानाच्या शेपटीत सापडलेल्या इन्सुलेशनची झोपायची पिशवी शिवली. सिनेमात हे भराभर जातं. पुस्तकात या कामांना वेळ दिलाय, आणि तिथेच कळतं की तग धरणं म्हणजे मुख्यतः अशी बारीकसारीक कामं. तीही एकट्याची नाहीत. कुणी पाणी करतोय, कुणी शिवतोय, कुणी दुसऱ्याचे पाय चोळतोय.

पोस्टरवर छापण्यासारखं काही पुस्तकात नाही असं नाही हं. पारादोचे वडील, सेलेर, तरुणपणी नावा वल्हवण्याच्या शर्यतीत उतरायचे. एकदा पार दमले असताना त्यांनी पाहिलं की शेजारचा प्रतिस्पर्धीही तेवढाच हैराण आहे. मग त्यांनी ठरवलं, थोडं आणखी सोसू. मुलगा बर्फात ही गोष्ट आठवतो. मला वाटलं, झालं सुरू. पुस्तक बंदच करणार होते.

पण मग निकोलिच येतो. गुस्ताव्हो निकोलिच. आठ दिवसांनी शोधमोहीम थांबवली गेली होती आणि ही बातमी मुलांना छोट्या ट्रान्झिस्टरवर कळली. आत पडलेल्यांना हे सांगायचं कुणी? निकोलिचने सांगितलं, आणि कसं? चांगली बातमी आहे म्हणून! का, तर आता आपण आपल्याच बळावर इथून बाहेर पडणार. याहून पॉझिटिव्ह माणूस दाखवा मला. २९ ऑक्टोबरच्या रात्री सगळे झोपलेले असताना हिमकडा कोसळून बर्फ विमानात शिरला. आठ जण गुदमरून गेले. त्यात निकोलिच होता.

नुमा तुर्काती तर रग्बी संघातलाही नाही, विमानातल्या फार कमी जणांना ओळखायचा. तरी रस्ता शोधायला जे पहिले बाहेर पडले त्यात तो होता. पुढे पायाची जखम चिघळली. ११ डिसेंबरला तो गेला, मेलेल्यांतला शेवटचा. दुसऱ्याच दिवशी पारादो, कानेसा आणि विझिंतीन पश्चिमेकडे निघाले. वडिलांकडे परत जायचं, एवढंच पारादोच्या डोक्यात होतं.

त्या प्रवासाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो भाग तुम्ही स्वतः वाचावा. मरणाऱ्या सहवैमानिकाने सांगितलं होतं की आपण कुरिको शहर ओलांडलंय, त्यामुळे मुलांना वाटत होतं की हा डोंगर चढला की पलीकडे चिलीची हिरवी दरी. ते चुकीचं होतं. तीन दिवस चढून साडेचार हजार मीटरच्या वर पोचल्यावर पारादोला दिसली क्षितिजापर्यंत नुसती शिखरं. त्याने त्या शिखराला वडिलांचं नाव दिलं, लिपस्टिकने लिहून. अन्न पुरावं म्हणून विझिंतीनला परत पाठवलं आणि दोघं पुढे गेले. एकूण दहा दिवस, साधारण ६० किलोमीटर. मग नदीपलीकडे घोड्यावरचा एक गुराखी दिसला, सेर्हियो कातालान. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना, तो “उद्या” म्हणून ओरडला, आणि खरंच दुसऱ्या दिवशी आला. दगडाला कागद बांधून फेकला. पारादोने त्यावर लिहिलं. मग त्या माणसाने पाव फेकला आणि तासन् तास घोडा दामटत जाऊन पोलिसांना कळवलं. त्याने “असतील कुणी तरी” म्हणून तोंड फिरवलं असतं तर? हे पुस्तकच नसतं.

आणि एवढं करून आलेला माणूस कुठेही असं म्हणत नाही की मी जास्त खंबीर होतो म्हणून वाचलो. मेलेल्यांची नावं तो पुन्हा पुन्हा घेतो. डोंगराला कुणाशी देणंघेणं नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं.

पुस्तक संपल्यावर मी काकांना फोन केला. भांडायलाच केला होता, खरं सांगते. त्यांना निकोलिचची गोष्ट सांगितली. म्हटलं, काका, या मुलाने हाय खाल्ली होती का? पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

मग ते म्हणाले, “बेड मी शोधत होतो गं. आदल्या रात्री एका ठिकाणी मिळत होता, लांब होता म्हणून मी सकाळपर्यंत थांबलो. रात्रीच नेलं असतं तर...”

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकूलासुद्धा नाही. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी त्यांना खिडकीच्या सीटची गोष्ट सांगितली, पांचितोची. त्यांनी ती दोनदा विचारली. कुणी कुणाला जागा दिली, नक्की कसं झालं, सगळं नीट.

आता पुस्तक त्यांच्याकडे आहे, छापील प्रत मागवून दिली. त्यांचं इंग्रजी हळू आहे, रोज दोन-तीन पानं होतात. काल मेसेज आला : हिमकड्यापर्यंत पोचलोय, पुढचं सांगू नकोस.

चला, थांबते. पुढच्या भागात भेटू.