साखरेवांचून गोडी

ठाणें खाडीकांठचें घणसोली हें आगरी-कोळ्यांचें गांव आतां नव्या मुंबईनें वेढलें आहे. तेव्हां चहांतील साखरेची जागा घेणारी गोळी तेथेंही पोंचावी, यांत नवल नाहीं. फालबर्ग या रसायनज्ञाला १८७९ मध्यें बाल्टिमोर येथें, हात न धुतां जेवावयास बसल्यामुळें, सॅकरिन गवसलें! साखरेहून तें शेंकडों पट गोड. परंतु वजन घटविण्यासाठीं अशा पदार्थांवर विसंबूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२३ मध्यें सुचविलें. दीर्घकाळांत मेद उतरल्याचें तिला दिसलें नाहीं. चहांत वांचलेली साखर जिलबींत भरून निघते, हें गृहिणी जाणतातच. मधुमेह्यांना मात्र ही सूचना लागू नाहीं. ती ऐकून त्यांनीं पुन्हां साखरेचा डबा उघडूं नये. ॲस्पार्टेम खिरींत शिजविल्यास गोडी गमावतें. आणि फेनिलकीटोनुरिया असलेल्या बालकास तर तें मुळींच देऊं नये.