अॅम्बेसेडर की पद्मिनी?
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



विघ्नहर्त्याला वंदन करून आज घराघरांत रंगलेला एक जुना वाद आपल्यापुढे मांडतो. अॅम्बेसेडर चांगली की पद्मिनी? आम्ही सरकारी गॅरेजची माणसं. दोन्हींच्या बॉनेटखाली आमचे हात काळे झाले आहेत.

अॅम्बेसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याची. तिचं मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्याची, मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ती गाडी; १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं.

अॅम्बेसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, पद्मिनीचं १०८९ सीसीचं. एक ऐसपैस; खड्ड्यांना न जुमानणारी. म्हणून ती साहेबांच्या दिमतीला गेली. दुसरी आटोपशीर, गल्लीबोळातून सहज वळणारी. इंदूरहून अवंतिकेनं मुंबई सेंट्रलला उतरलं की पूर्वी जी काळी-पिवळी समोर यायची, ती बहुधा हीच.

आमचा कौल विचाराल तर लांबच्या खराब रस्त्याला अॅम्बेसेडर, शहरात पद्मिनी. दोन्ही साध्या पाना-पकडीनं खुलत, हे त्यांचं खरं वैभव. पण कौतुकाच्या भरात एक विसरू नये. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, कारण गिऱ्हाइकाला दुसरा पर्यायच नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि दोघींचं वय उघडं पडलं.

आता प्रश्न उरल्यासुरल्या गाड्यांचा. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आहे. त्या भंगारात चालल्या. घरच्या गाड्या मात्र आपल्या हाती आहेत. मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, पण पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटल्यावर. म्हणजे १९८८ च्या पद्मिनीला २०३८ पर्यंत तग धरायचा आहे. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेस काढून नोंदणीचं नूतनीकरण करा, मूळ इंजिन बदलू नका, आरसी बुक जपा.

वडिलांची गाडी अंगणात गंजवत ठेवणं म्हणजे आठवण जपणं नव्हे. जमत असेल तर ती चालती ठेवा. नसेल तर सांभाळणाऱ्याच्या हाती द्या.

गणपती बाप्पा मोरया!