डेस्कटॉपला वायफाय जोडताना

नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना पसरलेल्या आहेत. ही जागा निवडण्याचं एक कारण होतं, इथला कमी रेडिओ गोंगाट. घरच्या डेस्कटॉपसाठी वायफाय अडॅप्टर घेतानाही या गोंगाटाचा विचार करावा लागतो.

जुन्नर, घोडेगावच्या जुन्या घरांच्या दगडी भिंती जाड. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेग देतात, पण अशा भिंतीपुढे लवकर क्षीण होतात, 2.4 गिगाहर्ट्झवर वेग कमी, तरी सिग्नल पलीकडे पोचतो. म्हणून ड्युअल बँड अडॅप्टरच घ्या. नखाएवढा यूएसबी अडॅप्टर स्वस्त पडतो, पण कॅबिनेटच्या मागे लावला की पत्रा आड येतो. शिवाय शेजारच्या यूएसबी 3 पोर्टवर हार्ड डिस्क चालू असेल, तर 2.4 गिगाहर्ट्झवर गोंगाट वाढतो. मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून अडॅप्टर टेबलावर आणा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. मदरबोर्डवर जागा असेल, तर बाहेर अँटेना असलेलं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड मला जास्त भरवशाचं वाटतं. लिनक्स वापरत असाल, तर अडॅप्टरच्या आतली चिप कोणती आणि ती लिनक्सवर चालते का, ते आधी विचारा. आणि राउटर त्याच खोलीत असेल, तर अडॅप्टर घेऊच नका. साधी लॅन केबल जोडा.