विरजणाचे गुण आणि मर्यादा
(वर्धापनदिनाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



दर वर्षी आजच्या दिवशी बाहेरून कोणी डॉक्टरीणबाई येतात आणि आपण सतरंजीवर बसून ऐकतो. यंदा आपल्यातल्याच एकीने स्वयंपाकघरातल्या विषयावर बोलावे असे ठरले, आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रातले जे सांगेन ते जंतुशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीने वाचून समजावलेले आहे. विरजण लावण्याचा भाग तेवढा माझा स्वतःचा.

आपण कोमट दुधात चमचाभर दही घालून झाकून ठेवतो. त्या चमच्यात कोट्यवधी जंतू असतात. दुधात जी साखर असते ती ते खातात आणि तिचे आम्ल करतात. त्या आम्लाने दूध घट्ट बसते, तेच आपले दही. दूध फार तापलेले असले तर बिचारे जंतू मरतात आणि सकाळी पातेल्यात दूधच दिसते. थंडीत ते सुस्तावतात, म्हणून आपण पातेले पंच्यात गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवतो. विरजण नसले तर मिरचीचे देठ दुधात टाकतात. मला तो खुळा समज वाटे, पण त्या जातीचे जंतू झाडापाल्यावरही असतात, असे पुतणी म्हणाली. तिन्हीसांजेला विरजण का देऊ नये, याचे कारण मात्र तिच्याही पुस्तकात सापडले नाही!

या जंतूंच्या कुळाला लॅक्टोबॅसिलस म्हणतात. दह्यातला त्यांचा एक मुख्य भाऊ स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात शोधला. त्याच्या देशावरून त्याला बल्गेरिकस हे नाव मिळाले. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले मेचनिकॉफ यांनी असे मांडले की बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी होतात ते आंबवलेल्या दुधामुळे. ते मोठे शास्त्रज्ञ, १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते दुसऱ्या कामासाठी. स्वतः ते नेमाने आंबट दूध घेत, आणि १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारले. म्हणजे वय बरे झाले, पण शंभरी काही गाठली नाही. आपल्या देशाने तर २०१२ साली हैदराबादला याच जंतूला राष्ट्रीय सूक्ष्मजीवाचा मान दिला. मोर, वाघ आणि त्यांच्या पंगतीला आपले विरजण!

आता गुण. माझ्या सासूबाईंना दूध प्यायले की पोट गुबारे आणि जुलाब होत, पण वाटीभर दही निमूट पचे. आम्हांला वाटे, त्यांना दूध आवडतच नाही. कारण असे की दुधातली साखर पचवणारा रस पुष्कळ माणसांत मोठेपणी कमी होतो. दह्यातल्या जंतूंनी ती साखर थोडी आधीच संपवलेली असते, आणि उरलेली पचवायला ते पोटातही मदत करतात. हा गुण पक्का आहे. युरोपातल्या अन्नतपासणी संस्थेनेही २०१० साली तो मान्य केला. कडक जंतुनाशक गोळ्या चालू असताना पोट बिघडते, तेव्हा या कुळातले काही जंतू ते बिघडणे कमी करतात, असेही आढळले आहे. शिवाय आपल्या बायकांच्या शरीरातही यांचेच भाऊबंद राहतात आणि तिथले आम्लपण राखून रोगजंतूंना दूर ठेवतात. म्हणून कोणी तिथे दही लावायला सांगितले तर मुळीच ऐकू नका. ते जंतू वेगळे, हे वेगळे. खाज वा अंगावरून जाण्याचा त्रास असला तर लाज सोडून डॉक्टरीणबाईंकडे जावे.

आणि ओरिसातली एक हकीगत. तिथल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. बाळे दोन किलोंच्या वरची आणि आईच्या दुधावरची. निम्म्यांना सात दिवस या कुळातला एक जंतू, त्याच्या खाद्यासह, रोज दिला. ज्यांना दिला नाही त्यांच्यात शंभरांत नऊ बाळांना रक्तातला जंतुदोष किंवा मृत्यू आला. ज्यांना दिला त्यांच्यात हेच प्रमाण साडेपाचाच्या आत राहिले. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

हे ऐकून कोणी उद्या बाळाच्या तोंडात दह्याचे बोट घालील, म्हणून लगेच सांगते. तो जंतू निवडलेला, मोजलेला आणि डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेला होता. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या नाजूक बाळांना तर असल्या जिवंत जंतूंनीच रक्तात दोष होऊ शकतो. २०२३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने इस्पितळांना तशी ताकीद दिली. कर्करोगाची औषधे चालू असलेल्यांनीही असली पुडी विचारल्याशिवाय घेऊ नये.

पुडी म्हटले की मला २००८ साल आठवते. माझा धाकटा तेव्हा दीड वर्षाचा. श्रावणात त्याला जुलाब लागले. औषधाच्या दुकानातून याच कुळातल्या जंतूची पुडी आणली आणि दोन वेळा दिली. ताकही चमच्याने पाजले. आणि पाणी तोडले. पाणी प्यायले की लगेच परसाकडे होते, म्हणून पाणी द्यायचे नाही, असे मी लहानपणापासून ऐकलेले. पुडी दिली आहे, आता थांबेल, या भरवशावर मी पुरे दोन दिवस काढले. दुसऱ्या संध्याकाळी पोर रडेना. रडले तर डोळ्यांत पाणी नाही. दुपटे सकाळपासून कोरडे. मला ते कोरडे दुपटे पाहून बरेच वाटले होते, हे आज सांगायला जीभ रेटत नाही. शेजारच्या वहिनींनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. त्यांनीच रिक्षा आणली. दोन दिवस पोराला सलाईन लावले होते. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बाई, पुडी देत होतात हे ठीक, पण पाणी का तोडलेत?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज तो पोरगा एकोणीस वर्षांचा आहे आणि आत्ता मागे खुर्च्या लावतो आहे.

त्या पुडीचे पुढे काय झाले तेही सांगते. अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत जुलाब झालेल्या मुलांवर मोठी परीक्षा झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ मुले. निम्म्यांना या कुळातले जंतू, निम्म्यांना नुसतीच तशी दिसणारी पुडी. दोन्हींकडे फरक दिसला नाही. जंतूंची पुडी घेतलेली मुलेही तेवढ्याच दिवसांनी बरी झाली. एका कुळातले सगळे जंतू सारखे नसतात. एकाच आडनावाची चार माणसे, एक वकील, एक पहिलवान, तसेच हे. २०२० साली शास्त्रज्ञांनी तर या कुळाची वाटणीच केली. जुन्या लॅक्टोबॅसिलसमधून तेवीस नवी घराणी निघाली. आपला दह्याचा जंतू मात्र मूळ वाड्यातच राहिला. तोही आपल्या आतड्यात बिऱ्हाड करीत नाही, चार दिवसांचा पाहुणा असतो, म्हणून दही खायचे तर रोजचे. आणि कढी उकळली की जंतू मेले. कढी चविष्ट आहे, जरूर करा, पण जंतूंचा गुण तिच्यात शोधू नका.

जुलाबात जीव वाचवते ते मीठसाखरेचे पाणी. १९७१ साली बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांच्या छावणीत पटकी आली. सलाईन संपले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनाबिस यांनी पिंपांत मीठसाखरेचे पाणी कालवून लोकांना पाजले. मरणारे शंभरांत तीसच्या आसपास होते, ते चाराच्या खाली आले. पाकीट मिळते, ते एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळे एकदम घालायचे आणि चोवीस तासांत संपवायचे. पाकीट नसले तर एक लिटरला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको, त्याने अपाय होतो. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. बरोबर जस्ताच्या गोळ्या, डॉक्टर सांगतील त्या मापाने. आईचे दूध चालू ठेवायचे, वरचे खाणाऱ्या मुलाला दहीभातही. मूल मलूल झाले, लघवी थांबली, परसाकडेत रक्त दिसले, तर पुडी-पाकीट शोधत न बसता दवाखाना गाठायचा.

तिळगुळाच्या ताटाशेजारी मी त्या पाण्याची पाकिटे ठेवली आहेत. घरात लहान मूल असेल तिने दोन न्यावीत. आणि पलीकडच्या चाळीतल्या नव्या सुनेने सकाळी विरजण मागितले होते, ते वाटीत झाकून आणले आहे. अजून ऊन आहे तोवर घेऊन जा बाई, तिन्हीसांजेला माझ्याच्याने देववणार नाही.