आज्ञावलीचा पहिला धडा

बल्लारपूर हें नांव महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यांस परकें नाहीं. वर्धा नदीच्या कांठचें हें गांव एके काळीं गोंड राजांची राजधानी होतें. विसाव्या शतकांत मात्र त्याची ख्याति झाली ती कोळशाच्या खाणींमुळें आणि विशेषतः कागदाच्या गिरणीमुळें. भोंवतालच्या अरण्यांतील बांबू गिरणींत येई आणि कागद होऊन देशभर जाई. ज्या गांवानें इतरांस लिहावयास कागद पुरविला, त्याच्या मुलांस आतां लेखनाचा एक नवाच प्रकार शिकावयाचा आहे. तो प्रकार म्हणजे संगणकासाठीं आज्ञावली लिहिणें. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या पायरीवर ह्या विषयाचा आरंभ व्हावा असें सुचविलें आहे. तेव्हां प्रश्न उरतो तो एवढाच कीं, हा आरंभ करावा कसा?

पुष्कळ ठिकाणीं तो असा होतो. शिक्षक फळ्यावर तयार आज्ञावली लिहितात, मुलें ती वहींत उतरवितात, मग यंत्रावर अक्षरशः टंकित करतात. उत्तर बरोबर येतें आणि गुणही मिळतात. परंतु त्याच आज्ञावलींत किंचित् फेरफार करावयास सांगितला कीं मुलगा गोंधळतो. एखादें विरामचिन्ह चुकलें तर यंत्र अडून बसतें आणि मुलगा मनाशीं ठरवितो कीं, 'आपल्याला ही बुद्धि नाहीं.' लहान गांवांत असा निर्णय एकदां झाला कीं तो फिरवावयास दुसरें कोणी भेटत नाहीं. एक होतकरू विद्यार्थी ह्या विद्येला कायमचा मुकतो. आणि दोष तर त्याच्या बुद्धीचा नसतोच.

मग दोष कशाचा? रॉय पी नांवाच्या अमेरिकन संशोधकानें १९८६ सालीं नवशिक्यांच्या चुकांची छाननी केली. त्याला असें आढळलें कीं, अनेक चुकांच्या मुळाशीं एकच समजूत असते. ती ही कीं, यंत्राच्या आंत कोणीतरी जाणता बसलेला आहे व लिहिणाऱ्याच्या मनांतलें त्याला कळतें. ही समजूत स्वाभाविकच आहे. आईनें 'चहा ठेव' म्हटलें कीं पातेलें घ्यावें, पाणी ओतावें, चूल पेटवावी, हें मुलीला वेगळें सांगावें लागत नाहीं. आजवर तिला भेटलेला प्रत्येक श्रोता अर्ध्या शब्दांत समजणारा होता. संगणक हा तिचा पहिला श्रोता असा कीं, तो सांगितलें तेवढेंच करतो. अधिक नाहीं आणि उणेंही नाहीं.

म्हणून पहिला धडा यंत्रावांचूनच द्यावा. शाळेच्या अंगणांत एका मुलानें यंत्र व्हावें व दुसऱ्यानें आज्ञा द्याव्या. आज्ञा तीनच: इतकीं पावलें पुढें जा, इतके अंश उजवीकडे वळ, आणि हें इतक्या वेळां कर. आतां चौकोन काढावयाचा. वळावयास सांगण्याचें विसरलें तर यंत्र झालेला मुलगा सरळ भिंतीवर जातो, सारा वर्ग हंसतो आणि धडा कायमचा ध्यानांत राहतो. पुढें त्रिकोणाची पाळी येते. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हें पाठ असल्यामुळें मुलें साठ अंश वळावयास सांगतात. पण आकृति मिटत नाहीं. चालून पाहिल्यावर कळतें कीं, वळावयाचें तें बाहेरच्या कोनांतून, म्हणजे एकशेंवीस अंश. येथें चूक शिक्षकानें दाखविलेली नसते, ती पायांनीं दाखविलेली असते.

ही युक्ति नवी नाहीं. १९६७ सालीं अमेरिकेंत सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांसाठीं 'लोगो' नांवाची भाषा रचली. तिच्यांतील कासव पुढें ह्याच रीतीनें रेघा काढूं लागलें. आपल्या मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक अभिराम रानडे ह्यांनीं सी-प्लस-प्लससारख्या अवघड भाषेच्या आरंभींही हेंच कासव आणून बसविलें. इंजिनियर होऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांस जर चौकोनापासून आरंभ करण्यांत कमीपणा वाटत नाहीं, तर सातवींतल्या मुलास कां वाटावा?

दुसरी अडचण बरोबरीच्या चिन्हाची. 'न = न + १' हें वाचून गणितांत हुशार असलेली मुलगी थबकते, आणि तिनें थबकावें हेंच योग्य; कारण बीजगणितांत हें विधान खोटें आहे. तिला सांगावें कीं, 'न' ही एक पाटी आहे आणि तिच्यावर एकाच संख्येपुरती जागा आहे. पाटीवरची संख्या वाच, तींत एक मिळव, जुनी पूस, नवी लिही. एवढाच त्या ओळीचा अर्थ. मग दोन पाट्यांवरील संख्यांची अदलाबदल करावयास द्यावी. पहिलीवर दुसरीची संख्या लिहितांच पहिलीची मूळ संख्या नाहींशी होते. दोन पेल्यांतलें दूध व ताक बदलावयाचें तर तिसरा पेला लागतो, हें ज्याला ठाऊक आहे तो तिसरी पाटी आपण होऊनच मागतो.

तिसरा धडा ह्या अरण्यप्रदेशानेंच देऊन ठेवला आहे. उन्हाळ्यांत येथें तेंदूपानें गोळा होतात. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी. आवृत्तीच्या पोटांत आवृत्ति ती हीच. मुलगा लिहितो, 'मोज एकपासून धर. मोज सत्तरांहून कमी आहे तोंवर एक पान ठेव व मोज एकानें वाढव.' पाटीवर करून पाहिलें तर पुड्यांत एकुणसत्तरच पानें येतात. पुड्यामागें एक पान कमी, म्हणजे गोणीमागें हजार पानें कमी! आणखी एक मुलगा नव्या पुड्याच्या आरंभीं मोज पुनः एकवर आणावयाची विसरतो. त्याचा पहिला पुडा तेवढा भरतो आणि पुढचे नऊशें नव्याण्णव रिकामेच राहतात.

अशा चुकांवर तांबडी शाई फिरवूं नये. यंत्र चालविण्यापूर्वीं प्रत्येकानें 'काय होईल' तें वहींत लिहावें, मग चालवून पाहावें. भाकीत आणि फळ ह्यांत जें अंतर पडेल, तोच त्या दिवसाचा खरा धडा.

राहिली इंग्रजीची धास्ती. पायथॉनसारख्या भाषेंत राखीव शब्द अवघे पस्तीसच्या आसपास आहेत. ते आठवडाभरांत ओळखीचे होतात. विचार मात्र मुलानें ज्या भाषेंत स्वप्नें पाहिलीं त्याच भाषेंत व्हावयास हवा. आय. आय. टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांत मराठी निवेदनाचे धडेही आहेत, त्यांचा उपयोग अवश्य करावा.

हीं सर्व मुलें पुढें संगणकतज्ज्ञ होतील असें नाहीं. तथापि आपण काय गृहीत धरलें व काय सांगावयाचें राहून गेलें, हें शोधण्याची संवय ज्यास लागली, त्याचें शिक्षण वायां गेलें असें कोणीहि म्हणणार नाहीं. पाटी, अंगण आणि तेंदूचा पुडा बल्लारपुरास उपलब्ध आहे. यंत्र थोडें उशिरां आलें तरी पहिला धडा उद्यांच देतां येईल.