काटा अचूक, पडदा उशिरा
(वजनकाट्यावरील जुन्या संगणक-कार्यक्रमांविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तहसिलीत लोधीखेडा व आसपासची गावे कापूस आणि संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. शेतकऱ्याचे वर्षभराचे श्रम अखेर धर्मकाट्यावरील एका आकड्यात उतरतात. म्हणून तो आकडा कोणत्या मार्गाने चिठ्ठीवर येतो, हे सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या दर्शकावर वजन उमटते. तेथून ते बहुधा आरएस-२३२ पद्धतीच्या तारेने संगणकाच्या सिरियल पोर्टकडे जाते. काट्यांसाठी पूर्वी लिहिलेले अनेक कार्यक्रम डॉस प्रणालीचे होते. असा कार्यक्रम नव्या संगणकावर चालवायचा, तर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा कार्यक्रम, वापरता येतो. डॉसबॉक्स हा त्यांपैकी सर्वपरिचित होय. जुन्या नोंदी व सरावाची पद्धत टिकते, हा त्याचा लाभ. परंतु कधी कधी दर्शकावर वजन तत्काळ दिसते आणि पडद्यावर मात्र रेंगाळत येते.

ही दिरंगाई केवळ गैरसोयीची नाही. समजा, दर्शक दर सेकंदाला १६ अक्षरांचे १० संदेश पाठवतो, म्हणजे १६० अक्षरे. कार्यक्रम ती वेळेवर वाचू शकला नाही, तर ती संगणकाच्या स्मृतीत साचतात. १,६०० अक्षरे साचली, तर पडद्यावरील वजन १० सेकंदांपूर्वीचे असते! तेवढ्यात एक बंडी उतरून दुसरी चढलेली असू शकते. काटा निर्दोष असूनही चिठ्ठी चुकते आणि विश्वासाला तडा जातो.

दोष कोठे शोधावा?

पहिला संशय तारेच्या वेगावर जातो. ९,६०० बॉडच्या वेगाने, प्रत्येक अक्षरास १० बिट धरल्यास, सेकंदाला ९६० अक्षरे जातात. वरील १६० अक्षरांना तो वेग पुष्कळ झाला. १,२०० बॉडवर मात्र केवळ १२० अक्षरे जातात. तेथे तार खरोखरच अपुरी पडेल. वेग बदलावयाचा तर दर्शक आणि कार्यक्रम या दोन्हींकडे एकच आकडा असला पाहिजे. अन्यथा निरर्थक चिन्हे उमटतात.

दुसरी पायरी चाचणीची. एम्युलेटर बंद करून, तीच तार नव्या संगणकाच्या साध्या टर्मिनल कार्यक्रमास जोडावी. वजन तेथे वेळेवर आले, तर दर्शक व तार निर्दोष आहेत. शोध एम्युलेटरमध्ये घ्यावा. तेथेही उशीर झाला, तर यूएसबी जोडणी तपासावी. अशा काही जोडण्या थोडी अक्षरे आली की लगेच पुढे न देता १६ मिलिसेकंद थांबतात. प्रश्न-उत्तराच्या पद्धतीत प्रत्येक फेरीस हा विलंब भरतो. तो कमी करण्याची सोय जोडणीच्या सेटिंगमध्ये असते.

तिसरी पायरी एम्युलेटरच्या गतीची. डॉसबॉक्समध्ये दर मिलिसेकंदाला किती सूचना पाळावयाच्या, हे 'सायकल्स' या आकड्याने ठरते. आकडा फार लहान असेल, तर जुना कार्यक्रम अक्षरे उचलण्यात मागे पडतो. अवाजवी मोठा असेल, तर नवा संगणकच दमतो. म्हणून तो टप्प्याटप्प्याने बदलावा. अक्षरे गळत असतील, तर 'आरएक्सडिले' वाढवून पाहावे. त्यामुळे कार्यक्रम तयार नसताना एम्युलेटर अधिक वेळ थांबतो. मात्र त्याने गळती थांबते, साचलेले काम लवकर उरकत नाही. शक्य असल्यास दर्शकाचे संदेशच कमी करावेत. वजनाला सेकंदाला दोनतीन संदेश पुरतात.

एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहावा. अनेक बदल एकदम केले, तर कोणता गुणकारी ठरला हे कळत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे?

काट्यावरील कर्मचाऱ्याने दर्शक व पडदा यांचे आकडे जुळल्याशिवाय चिठ्ठी छापू नये. न जुळल्यास दर्शकावरून हाताने लिहावी. शेतकरी बांधवांनीही दर्शकाकडे पाहण्याची सवय ठेवावी. गावातील शिक्षकांना विद्यार्थ्यांपुढे १६० व ९६० चा हा हिशेब मांडता येईल. गणिताचा तो जिवंत धडा ठरेल.

जुना कार्यक्रम जपणे योग्यच आहे. परंतु त्यापेक्षा जपावयाचा आहे तो शेतकऱ्याचा काट्यावरील विश्वास.