चहाच्या सुटीतली परिषद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई निमंत्रण द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे परिचारिकांच्या परिषदा भरवल्यात. सभा चांगली कशी भरवावी यावर अर्धा तास बोला." मी होकार दिला आणि मग माझे मलाच हसू आले. श्रोत्यांना नुसते ऐकत बसवू नये, हे सांगायला मी तुम्हांला अर्धा तास नुसते ऐकत बसवणार! म्हणून मी पंधरा मिनिटांत आटोपते. उरलेल्या वेळाचे काय करायचे ते शेवटी सांगेन.

आमची परिषद दरवर्षी दोन दिवस भरे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, उद्घाटनाचे भाषण आणि मग एकामागून एक निबंधवाचन. व्यासपीठावर आठ खुर्च्या, समोर तीनशे बायका. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी 'प्रश्नोत्तरे : दहा मिनिटे' असे छापलेले असे, पण ती दहा मिनिटे आधीच्या वक्त्यांनी केव्हाच खाऊन टाकलेली असत. मागच्या रांगांत कुणी विणकाम काढी, कुणी रात्रपाळीची झोप भरून काढी. मी कार्यवाह होते. परिषद वेळेवर संपली म्हणजे ती उत्तम झाली, अशी माझी समजूत होती.

एका वर्षी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या निगेवर निबंध होते. आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे बाळ धरून ठेवायचे, ही पद्धत तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे डॉक्टर एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण त्यांच्या रुग्णालयात बाळे फार आणि काचेच्या पेट्या थोड्या. तिला कांगारू पद्धत म्हणतात. निबंधात हे सारे चित्रांसह आले होते. सत्र संपता संपता मागच्या रांगेतून, खेड्यातल्या आरोग्यकेंद्रात काम करणाऱ्या एक नर्सबाई हात वर करून उभ्या राहिल्या. घंटा माझ्या हातात होती. मी घड्याळ पाहिले आणि घंटा वाजवली. बाई खाली बसल्या.

चहाच्या वेळी पाहते तो त्यांच्याभोवती सात-आठ जणींचा घोळका. बाई सांगत होत्या, "आई बिचारी तयार असते हो. पण एका खोलीचे घर, माणसांचा राबता, तिने पदर कसा काढावा? आणि स्वयंपाक, पाणी कोण करणार? मी आधी सासूला बसवते. म्हणते, नातवंड तुमच्याही छातीशी तितकेच उबदार राहील. आधी तुम्ही धरा, मग सून धरील. जुन्या लुगड्याने बाळ कसे बांधायचे ते सासूलाच शिकवते. एकदा सासूने धरले, की घरात कुणी नाव ठेवत नाही."

घोळक्यातील एक तरुण मुलगी एकदम डोळे पुसू लागली. तिच्या गावी मागच्या थंडीत एक बाळ दगावले होते. आईला तिने सारे समजावले होते, पण घरच्यांनी ऐकले नव्हते. सासूला आधी बसवावे, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

ते बाळ वाचलेच असते असे मी म्हणत नाही. परंतु त्या दिवशीच्या सगळ्या निबंधांत नसलेली गोष्ट मागच्या रांगेत उभी होती, आणि मी तिला माझ्या हाताने खाली बसवले होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढे वाचनात आले की, हे दुखणे एकट्या आमचे नव्हे. अमेरिकेत हॅरिसन ओवेन नावाच्या गृहस्थांनी १९८३ साली वर्षभर राबून एक मोठी परिषद भरवली. शेवटी सर्वांचे एकमत झाले की, सर्वांत उत्तम भाग म्हणजे कॉफीची सुटी! त्यांना आठवले ते आफ्रिकेतल्या लायबेरियातले एक खेडे. तेथे मुलांचा चार दिवसांचा संस्कारसोहळा कोणत्याही समितीवाचून यथासांग पार पडलेला त्यांनी पाहिला होता. मग १९८५ साली, त्याच मालिकेतल्या पुढच्या एका परिषदेत त्यांनी खुर्च्या वर्तुळात मांडल्या. ज्याला जो विषय हवा त्याने तो कागदावर लिहून भिंतीला लावावा आणि ज्याला तो ऐकायचा त्याने तेथे जावे. नियम एकच : जेथे आपण काही शिकत नाही आणि देतही नाही, तेथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जावे.

त्याहूनही सोपी युक्ती मिशिगनच्या डोनाल्ड फिलिप्स यांची. १९४८ च्या सुमारास त्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. मोठ्या सभेचे सहा-सहा जणांचे गट पाडायचे, एक प्रश्न द्यायचा, सहा मिनिटे बोलू द्यायचे आणि प्रत्येक गटाने एकच मुद्दा सभेपुढे मांडायचा.

हे आम्ही करू म्हटल्यावर विरोध झालाच. "निबंध वाचायचे नाहीत, तर परिषद कशाला?" असे ज्येष्ठ बायका म्हणाल्या. त्यांचे अगदीच चूक नव्हते. नवे औषध आले, नवी पद्धत आली, तर जाणत्या माणसाने नीट समजावून सांगितलेच पाहिजे. म्हणून आम्ही दर सत्रात एकच निबंध ठेवला आणि बाकीचे तक्ते करून भिंतीवर लावले. लिहिणारी तक्त्याजवळ उभी राही आणि येणारीला समजावून सांगे. निबंधानंतर सहा जणींचे गट.

पहिल्या वर्षी फजिती झाली. गटात मेट्रनबाई बसल्या, की बाकीच्या पाच जणी मुकाट! मीही त्या मेट्रनपैकीच. दुसऱ्या वर्षी नियम केला : नोकरीत सर्वांत नवी असेल तिने आधी बोलायचे, वरिष्ठ बाईंनी सर्वांच्या शेवटी. दोन पायांचा नियमही आपल्याकडे सहज रुळेना. वक्ता बोलत असता उठून जाणे आपल्याला अपमानासारखे वाटते. तेव्हा सुरुवातीलाच सांगू लागलो, की उठून जाणारीवर रागावू नये, ती दुसरीकडे शिकायला चालली आहे. हळूहळू विणकाम पिशवीत राहू लागले.

भगिनींनो, हे आपल्याला परके नाही. हळदीकुंकवाला कुणी भाषण करीत नाही. तरी घरी परतताना मुलाच्या खोकल्याचा काढा, चांगला शिंपी, मुलीच्या शाळेची माहिती असे काहीतरी पदरात पडलेले असतेच. मग सभा म्हटली की आपण साऱ्या एका दिशेला तोंड करून गप्प का बसतो?

आता राहिलेल्या वेळाचे. चिटणीसबाईंची परवानगी मी आधीच घेतली आहे. पुढच्या रांगेने खुर्च्या मागे वळवाव्यात आणि सहा-सहा जणींनी जवळ बसावे. प्रश्न असा : घरातली वा शेजारातली कोणती अडचण तुम्ही स्वतः सोडवलीत, जी दुसरीच्या उपयोगी पडेल? गटातल्या सर्वांत धाकट्या सुनेने आधी बोलायचे. सासूबाईंनी शेवटी!

मागच्या रांगेतल्या भगिनींनो, तुमचे ऐकायला मी आता तिकडेच येऊन बसते. घंटा मी आणलेली नाही.